तिसऱ्यांदा फिरवलेला दगड

लुगानोच्या तळ्यावर आज इतकं धुकं
की पलीकडचा डोंगर कुणी ओल्या फडक्यानं पुसलेला.
तिसऱ्या मजल्यावर निवेस ग्रासी
एका यांत्रिक हाताला कुतूहल शिकवतेय.

कुतूहल म्हणजे तिच्या वहीत एक ओळ.
काल जग सांगायला शंभर शब्द लागले,
आज साठ पुरले,
तर मधले चाळीस हेच बक्षीस.
साखर नाही, शाबासकी नाही,
फक्त ते गळून पडलेले चाळीस.
उद्याही साठच लागले, तर काही नाही.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच.
तिनं दहाव्या दिवसाचंही गणित मांडलं, इतकंच.

हाताचं नाव पिनिन.
तिथल्या बोलीत, चिमुकला.

आधी त्याच्यापुढे पांढरी भिंत ठेवली.
दीड सेकंदात त्यानं डोळा वळवला.
मग एक जुना टीव्ही, नुसत्या मुंग्यांचा,
प्रत्येक क्षण कोरा, एकही परत न येणारा.
पिनिन झटला, पुष्कळ झटला,
पालथ्या घड्यावर पाणी.
मग तिथूनही वळला.

अगदी जुनं आणि अगदी नवं
दोन्ही सारखंच निरस,
हे निवेसला कागदावर ठाऊक होतं.
डोळ्यांदेखत पाहिलं तेव्हा मात्र
तिला आपलं मोडलेलं लग्न आठवलं.
का, ते तिनं नोंदवलं नाही.

मग त्याला चमचा सापडला.
टेबलाच्या कडेशी नेला, ढकलला. खण्ण.
योनास वाकून उचलून देई. पुन्हा खण्ण.
(डॉक्टरेट अशीही मिळते.)
दोनशे चौदा वेळा.
दोनशे पंधराव्याला त्यानं चमचा हातात घेतला
आणि टाकलाच नाही.
पडायच्या आत त्याला पडणं पाठ झालं होतं.

त्यानंतर कपावर चमचा, चमच्यावर कप,
कधी न पाहिलेला तोल, कुणी न सांगितलेला.
पडद्यावर रेघ चढली
सान साल्वातोरेच्या घाटासारखी,
आणि योनास, कंबर धरून,
पहिल्यांदाच हसला.

रात्री लादी पुसायला ओरेस्ते येतो.
आधी तो वेर्झास्काच्या दरीत गडगे रचायचा,
चुना नाही, माती नाही,
नुसता दगडावर दगड.
गुडघे गेले, तेव्हा हातात बादली आली.

'हा दमत नाही?'
'दमत नाही. कंटाळतो.'
'मग शहाणा आहे.'

निवेसनं त्याला तिचं सूत्र सांगितलं,
जमेल तितकं, चाळिसेक शब्दांत.
ओरेस्तेनं फडकं पिळलं.
'बसलेल्या दगडाकडे मी परत बघत नसे,' म्हणाला,
'भिंत बघायला लोक यायचे.
माझं लक्ष हातातल्या दगडाकडे.'

तिनं ते लिहून घेतलं, मग खोडलं,
मग खोडलेलं पुन्हा वाचत बसली.

दुसऱ्या रात्री त्यानं खिशातून एक दगड काढला.
ना चौकोनी, ना गोल,
एका अंगाला शेवाळाची वाळकी साल.
'एकतीस वर्षं हा माझ्या कुठल्याच भिंतीत बसला नाही.
टाकवलाही नाही.'
टेबलावर ठेवला आणि जिन्याची पायरी पुसायला गेला.

पिनिननं बोट लावलं.
उचलला. फिरवला.
कपावर टेकवून पाहिला, घसरला.
पुन्हा फिरवला.
रेघ सपाट.

निवेसच्या अंगात कोट होता,
शेवटची बस सुटायला सहा मिनिटं,
हात दिव्याच्या बटणावर.

त्यानं तिसऱ्यांदा फिरवला,
शेवाळाची बाजू खाली,
आणि थांबला, दगड अर्धवट अधांतरी.

रेघ अजून सपाटच.

निवेसनं कोट काढला,
खुंटीला लावला,
खुर्ची ओढली.